वेध पाळणारे आणि वेध घेणारे

अलीकडे आमच्या ठाणें-कल्याण-डोंबिवलीच्या टापूंत आकाशदर्शनाचें मोठें पेंव फुटलें आहे. पावसाळा सरून आकाश निवळलें आणि अमावास्येच्या आगेंमागें शनिवार आला, कीं कर्जतकडे जाणाऱ्या गाडींतून तरुण मंडळींचे थवे वांगणीस उतरतात, रात्रभर माळावर बसून तारे पाहतात, आणि रविवारीं सकाळीं तांबारलेल्या डोळ्यांनीं घरीं परततात. ग्रहण असलें म्हणजे शाळांच्या पटांगणांत दुर्बिणी मांडल्या जातात व त्यांच्यापुढें रांगा लागतात. ज्या समाजांत ग्रहणकाळीं दारें-खिडक्या लावून घेण्याची चाल अद्यापि पुरती गेलेली नाहीं, त्या समाजांत हा पालट व्हावा ही आनंदाची गोष्ट होय. आणि तो घडवून आणण्यासाठीं मुंबईचें खगोल मंडळ, कल्याणचें आकाशमित्र मंडळ व ठाण्याचे दा. कृ. सोमण यांच्यासारख्यांनीं जे श्रम घेतले, त्यांचें ऋण आम्ही आरंभींच मान्य करितों. पुढें जें लिहावयाचें आहे तें त्यांच्यावर टीका म्हणून नव्हे. त्यांनीं पेरलेल्या शेताचें पीक कोणी कापून घरांत आणीत नाहीं, हें आमचें गाऱ्हाणें आहे.

कारण हें सगळें पाहणें पाहुण्याचें पाहणें आहे. दुर्बीण पेटींतून निघते, दोन घटका मांडली जाते आणि पुन्हा पेटींत जाते. या तीन शहरांत मिळून लाखों माणसें राहतात. महाविद्यालयें आहेत, प्रयोगशाळा आहेत, विज्ञानाच्या पदव्या घेतलेल्या गृहस्थांची तर गणतीच नाहीं. परंतु एखादी दुर्बीण आपल्या खांबावर कायमची उभी आहे, तिच्यावरचें छप्पर रात्रीं बाजूला सरकतें, आणि शेजारच्या वहींत त्या रात्रीची नोंद पडते, अशी जागा दाखवा म्हटलें, तर सांगणारा घुटमळतो. आमचा सगळा वाद या एका सरकत्या छपरासाठीं आहे. तें कोणा हौशी गृहस्थाचें खेळणें नसून आमच्या नगरांच्या विद्याजीवनांतील एक उणीव आहे, आणि ती भरून काढणें आमच्या आवांक्यांत आहे, एवढें आम्हांस येथें प्रतिपादावयाचें आहे.

‘वेध’ या एका शब्दांत आमच्या स्वभावाची दोन्ही अंगें सांठलेलीं आहेत. ग्रहणाचे वेध आम्ही पिढ्यान् पिढ्या पाळीत आलों. अन्न वर्ज्य केलें, पाण्याच्या भांड्यांत तुळशीपत्र टाकलें, घड्याळाकडे पाहत बसलों. त्याच शब्दाचा दुसरा व अधिक थोर अर्थ म्हणजे आकाशस्थ ज्योतींची स्थिति डोळ्यांनीं व यंत्रांनीं मोजून लिहून ठेवणें. पहिला अर्थ घरोघर नांदला. दुसरा पोथींतच राहिला. एकोणिसाव्या शतकांत महाराष्ट्रानें गणिताच्या बाजूनें मोठाच पराक्रम केला. केरो लक्ष्मण छत्रे यांनीं १८६० सालीं ‘ग्रहसाधनाचीं कोष्टकें’ प्रसिद्ध केलीं. शंकर बाळकृष्ण दीक्षितांचा ‘भारतीय ज्योतिःशास्त्र’ हा ग्रंथ १८९६ चा. व्यंकटेश बापूजी केतकरांनीं ‘ज्योतिर्गणित’ रचलें, आणि नेपच्यूनपलीकडे ग्रह असावे असें भाकित १९११ सालीं फ्रान्सच्या ज्योतिःशास्त्रीय संस्थेच्या पत्रिकेंत मांडलें. पंचांगवादांत तर पक्ष-प्रतिपक्ष वर्षानुवर्षें भांडले. गणितानें आलेला ग्रह आकाशांत त्याच जागीं दिसला पाहिजे, हा दृक्प्रत्ययाचा आग्रह त्या भांडणाच्या मुळाशीं होता, आणि तो सर्वस्वीं योग्य होता. तथापि ज्यांच्या आधारें तो आग्रह धरला जात होता ते वेध मुख्यतः पाश्चात्य वेधशाळांत घेतलेले होते. दृक्प्रत्यय आमचा, आणि दृष्टि मात्र परक्याची, अशी ती स्थिति होती. तिच्यांत आज तरी किती फरक पडला आहे, हें वाचकांनींच ठरवावें.

दीक्षितांनीं सामान्य वाचकांसाठीं ‘ज्योतिर्विलास’ नांवाचें एक गोड पुस्तक लिहिलें व त्यास ‘रात्रीची दोन घटका मौज’ असें दुसरें नांव दिलें. त्या मौजेला आतां शंभरांवर वर्षें लोटलीं. मौजेनें आरंभ व्हावा यांत गैर कांहीं नाहीं; पण शंभर वर्षांनंतरही समाज मौजेच्याच पायरीवर बसून राहिला, तर त्यास रसिक म्हणतां येईल, अभ्यासक म्हणतां येणार नाहीं. आणि मौजेवरून अभ्यासावर जाण्याची वाट कोणती, असें विचाराल तर ती त्या दोन घटकांच्या हिशेबांतूनच जाते.

आमच्या शहरांतील मनुष्य कसा जगतो तें पाहा. सकाळीं गाडी धरावयाची, दिवस मुंबईंत घालवावयाचा, रात्रीं साडेआठ-नवाला घरीं यावयाचें. जेवणखाण आटोपल्यावर झोंपेपूर्वीं त्याच्या हातीं उरतात त्या दीक्षितांच्याच दोन घटका, म्हणजे अठ्ठेचाळीस मिनिटें. त्याच्याजवळ पलंगाखालीं ठेवलेली दुर्बीण असली, तर ती बाहेर काढणें, तिवई मांडणें, ध्रुवाकडे आंस साधणें, नळी हवेच्या मानानें निवणें, यांतच दोन्ही घटका संपतात. आणि वेध घेण्यास आरंभ होणार तों आवराआवर करण्याची वेळ येते. चार रात्री तो हें करितो, पांचव्या रात्रीं करीत नाहीं. वर्षअखेरीस ती दुर्बीण पुन्हा पलंगाखालीं जाते. याला आपण आळस म्हणतों. तो आळस नव्हे, तो हिशेब आहे. दुर्बीण खांबावर कायम बसविलेली असली, आंस एकदांच साधून पक्का केलेला असला, आणि वरचें छप्पर हातानें ढकलतां येत असलें, तर पांच मिनिटांत काम सुरू होतें. सरकत्या छपराचें सर्व महत्त्व या वांचलेल्या वेळांत आहे. सवड असलेला मनुष्य कोणत्याही उपायानें तारे पाहील. आमच्यासारख्या चाकरमान्यांच्या नगरांस मात्र या छपरावांचून दुसरा उपाय नाहीं.

आतां तें छप्पर म्हणजे कांहीं अगाध यंत्र आहे असें कोणीं समजूं नये. दहा फूट लांब, दहा फूट रुंद अशी एक खोली; भिंती छातीइतक्या, फार तर डोक्याइतक्या उंच; मध्यें जमिनींत खोल पाया घेऊन उभारलेला काँक्रीटचा खांब, आणि त्यावर दुर्बीण. खोलीची फरशी त्या खांबास कोठेंही चिकटूं द्यावयाची नाहीं. चिकटली, तर माणसानें पाऊल हलविलें कीं दुर्बिणींत तारा नाचूं लागतो. दोन समोरासमोरच्या भिंतींच्या माथ्यावर लोखंडी रूळ बसवावयाचे, ते एका अंगास खोलीच्या बाहेर तितकेच लांब नेऊन खांबांवर टेकवावयाचे, आणि त्यांवरून खांचेच्या चाकांवर पन्हळी पत्र्याचें हलकें छप्पर सरकवावयाचें. आमच्या सोसायट्यांचीं सरकतीं फाटकें याच चाकांवर व याच जातीच्या रुळांवर चालतात. जो वेल्डर फाटक करितो तोच हें छप्पर करील. त्यासाठीं विलायतेस पत्र लिहिण्याची गरज नाहीं.

पुष्कळांच्या मनांत वेधशाळा म्हटली कीं गोल घुमट उभा राहतो. घुमट मोठ्या वेधशाळांस शोभतो व तेथें तो आवश्यकही असेल. वारा अडवावा, दंव अडवावें, भोंवतालचे दिवे झांकावे, हीं कामें तो उत्तम करितो. परंतु तो फिरता करावयाचा तर वर्तुळाकार कडें अचूक घडवावें लागतें, फट उघडावी लागते, आणि इतकें करून त्या फटींतून आकाशाची एक चिरफळीच दिसते. सरकत्या छपराखालीं सगळें आकाश एकदम मोकळें होतें; दिवसभर तापलेल्या पत्र्याखालची ऊन हवाही लगेच निघून जाते, आणि तारा लौकर स्थिर दिसूं लागतो. घुमट हा वेधशाळेचा फेटा आहे. फेट्यावांचूनही डोकें चालतें. पण अनुदान मागणारांस व देणारांस फेटाच आधीं दिसतो, हें आमचें दुर्दैव.

छप्पर कोणत्या दिशेस सरकवावें, याचाही विचार आमच्या अक्षांशावरून व्हावा. कल्याणचे अक्षांश सुमारें १९ अंश. म्हणून ध्रुवतारा आमच्या उत्तर क्षितिजावर तेवढाच वर असतो, आणि त्याच्याखालीं पाहण्यासारखें फारसें कांहीं उरत नाहीं. उलट दक्षिणेकडे आमचें खरें वैभव आहे. लंडनच्या माणसाला आपल्या घरून अगस्त्याचा तारा जन्मांत दिसावयाचा नाहीं. तो आमच्या दक्षिण क्षितिजावर १८ अंश चढतो. वृश्चिक तर पुरता वर येतो, आणि क्षितिज मोकळें असलें तर त्रिशंकुही दर्शन देतो. तेव्हां छप्पर उत्तरेस सरकवावें, तें ध्रुवाच्या आड येणार नाहीं इतकें बुटकें ठेवावें, व दक्षिणेची भिंत बिजागऱ्यांवर खालीं पडती करावी, हें आमच्या देशकालास अनुरूप आहे.

येथपर्यंत ऐकल्यावर आमचे मित्र हंसून म्हणतात, “हें सगळें ठीक आहे, पण डोंबिवलीच्या आकाशांत आहे काय? रस्त्यावरच्या पांढऱ्या दिव्यांनीं रात्र नाहींशी झाली. वांगणीपर्यंत इमारती गेल्या. येथें छप्पर सरकवून काय दिव्यांची आभा पाहावयाची?” हा आक्षेप वरवर बळकट दिसतो, म्हणून त्यास सविस्तर उत्तर देणें प्राप्त आहे.

आकाशगंगा आमच्या गच्चीवरून दिसत नाहीं, अंधुक तेजोमेघ दिसत नाहींत, हें आम्हांस कबूल आहे. ज्यास तींच पाहावयाचीं आहेत त्यानें खुशाल शहापूर-मुरबाडच्या डोंगरांत जावें, किंवा २०२४ च्या जानेवारींत भारतांतील पहिलें ‘डार्क स्काय पार्क’ म्हणून ज्याची नोंद झाली त्या नागपूरकडील पेंचच्या अरण्यांत जावें. परंतु चंद्र, ग्रह, युग्मतारे, चंद्राआड वा लघुग्रहाआड तारा लपण्याचे प्रसंग, आणि ज्यांचें तेज कमीजास्त होतें असे रूपविकारी तारे, यांना शहराच्या उजेडानें म्हणण्यासारखा बाध येत नाहीं. मृगांतील काक्षी हा तांबडा तारा २०१९ च्या अखेरीस मंद होऊं लागला, व २०२० च्या फेब्रुवारींत तो इतका उतरला कीं नेहमीं पाहणारास नुसत्या डोळ्यांनीं चुकल्यासारखें व्हावें. जगभरच्या ज्योतिःशास्त्रज्ञांनीं त्यावर लेख लिहिले. तो तारा डोंबिवलीच्या फलाटावरूनही दिसत होता. आमच्या किती शाळांच्या व महाविद्यालयांच्या दप्तरांत त्या हिंवाळ्यांतील त्याच्या तेजाची नोंद आहे? नाचतां येईना अंगण वांकडें, ही म्हण आम्हांस येथें नाइलाजानें आठवते.

शिवाय दिव्यांमुळें आकाश हरवलें असें म्हणणारांजवळ तरी पुरावा काय आहे? २०२३ सालीं ‘सायन्स’ या नियतकालिकांत एक लेख आला. २०११ ते २०२२ या वर्षांत सामान्य नागरिकांनीं आपापल्या अंगणांतून ‘आम्हांस किती मंद तारे दिसतात’ याच्या ज्या पन्नास हजारांवर नोंदी केल्या, त्यांवरून रात्रीच्या आकाशाची उजळी दर वर्षीं सरासरी सुमारें १० टक्क्यांनीं वाढत आहे, असें त्यांत अनुमान काढलें होतें. त्या नोंदींपैकीं बहुतेक युरोप-अमेरिकेंतल्या. कल्याणचें आकाश वीस वर्षांपूर्वी कसें होतें व आज कसें आहे, हें नगरपालिकेपुढें मांडावयाचें झालें, तर आम्ही कोणती वही पुढें करणार? ज्याची नोंद नाहीं त्याच्या चोरीची फिर्याद कशी लिहावयाची? दिवे खालीं तोंड करून लावा, गरजेपुरते लावा, अशी मागणी आम्हांस करावयाची असेल, तर तिला भावनेचा नव्हे, मोजमापाचा आधार पाहिजे. आणि तें मोजमाप त्याच जागेवरून, रोज, वर्षानुवर्षें झालें पाहिजे. म्हणजे तेथेंही स्थिर जागेचाच प्रश्न आला.

दुसरा आक्षेप अधिक नाजूक आहे. “जेम्स वेब दुर्बिणीचीं चित्रें हातांतल्या फोनवर दिसतात, तारांगणांत बसलें कीं सारें खगोल डोक्यावर फिरतें, मग हा खटाटोप कशाला?” तारांगणाचे आम्ही वैरी नव्हे, मुंबईचें नेहरू तारांगण १९७७ सालीं झालें, आणि त्यानें कित्येक मुलांना आकाशाची गोडी लावली. तथापि तारांगणांतलें आकाश हें शिकविलेलें आकाश आहे. तेथें ढग येत नाहींत, वाट पाहावी लागत नाहीं, आणि जें आधींच ठाऊक आहे त्यावांचून दुसरें कांहीं घडत नाहीं. जेथें चुकीचा संभव नाहीं तेथें शोधाचाही संभव नाहीं. राहिली गोष्ट मोठ्या दुर्बिणींची. त्यांचा तास न् तास आधींच वांटून दिलेला असतो. एकाच ताऱ्याकडे वर्षानुवर्षें रोज रात्रीं डोकावून पाहण्यास त्यांना सवड नाहीं. ही सवड लहान दुर्बिणीस आहे. म्हणूनच मोठ्या वेधशाळांचे पंडित आजही हौशी निरीक्षकांच्या नोंदी मागवून घेतात.

विल्यम हर्शेल हे बाथ शहरांत संगीत शिकवून पोट भरीत होते. १७८१ च्या मार्चची १३ तारीख, घरामागची बाग, आणि त्यांनीं हातानें घडविलेली दुर्बीण, एवढ्या भांडवलावर युरेनस सांपडला. कोणी म्हणेल, ते हर्शेल होते! बरें, आमच्याच देशांतलें उदाहरण घेऊं. बंगालांत जेसोरच्या सरकारी खजिन्यांत नाणीं पारखण्याचें काम करणारे राधागोविंद चंद्र नांवाचे एक गृहस्थ होते. प्रवेशपरीक्षेच्या पलीकडे त्यांना जातां आलें नाहीं. १९१२ सालीं त्यांनीं पदरचे पैसे घालून तीन इंची दुर्बीण घेतली. १९१८ सालीं गरुड तारकासमूहांत नवतारा प्रकटला, तो त्यांनीं आपणहून ओळखला. पुढें रूपविकारी ताऱ्यांचे वेध घेणाऱ्यांची जी संस्था अमेरिकेंत १९११ सालीं निघाली होती, तिच्याकडे ते नियमानें नोंदी पाठवूं लागले. आणि त्या नोंदींची योग्यता पाहून त्या संस्थेनें १९२६ सालीं सहा इंची दुर्बीण समुद्रापलीकडून त्यांच्याकडे धाडली. दिवसा कचेरी आणि रात्रीं तारे, असा त्यांचा क्रम होता. ठाण्या-कल्याणच्या चाकरमान्याहून त्यांची परिस्थिति कोणत्या बाबतींत अनुकूल होती, तें आम्हांस कोणीं दाखवून द्यावें. त्यांच्याजवळ अधिक होतें तें एकच: रोजची वही.

तिसरा आक्षेप जागेचा. परसू, अंगण हे शब्द आमच्या शहरांत आतां म्हणींपुरतेच उरले. घराला अंगणच नाहीं, तेथें वेधशाळा कोठें बांधावयाची? गच्ची आहे, पण ती सर्वांची. आणि सर्वांची म्हणून कोणाचीच नाहीं. त्या गच्चीवर भाडें येतें म्हणून मोबाईलचा मनोरा चालतो. गळतीवर उपाय म्हणून अवघ्या गच्चीभर पत्र्याचें छप्पर चालतें. मोडके पलंग व कुंड्यांचे ढीग चालतात. पण एखाद्या सेवानिवृत्त शिक्षकानें दहा फुटांचा कोंपरा मागितला, कीं सभेंत एकेकाला कंठ फुटतो. कोणास गळतीची धास्ती वाटते, कोणास मुलें पडतील असें भय, आणि कोणी तर दुर्बीण आपल्या खिडकीवर रोंखली जाईल अशी शंका काढतो. शेवटच्या शंकेस उत्तर सोपें आहे: त्या खोलीची भिंतच खालचें सर्व झांकते, आणि दुर्बिणीस वर पाहण्यावांचून गत्यंतर राहत नाहीं. बाकीच्या शंका मात्र थट्टेनें उडवूं नयेत. इमारतीचा खांब जेथें गच्चीस भेटतो त्याच्या माथ्यावरच दुर्बिणीचा भार यावा. गळती रोखणाऱ्या थराला एकही भोंक पाडूं नये. अभियंत्याचा सल्ला, सोसायटीचा ठराव व पालिकेची परवानगी हातीं असल्यावांचून कामास हात घालूं नये. उद्वाहन चालू झालें कीं गच्ची थरथरते, त्यामुळें दीर्घ छायाचित्रणास ती जागा कच्चीच ठरेल. पण ताऱ्याचें तेज डोळ्यानें अजमावणाऱ्यास तिचें काडीइतकें नुकसान नाहीं.

कोंकणच्या हवेचाही विचार करावयास हवा. जूनपासून सप्टेंबरपर्यंत छप्पर उघडण्याचें नांव काढतां येत नाहीं. दमट हवेंत भिंगावर बुरशी धरते, रुळांना गंज चढतो. त्यासाठीं पत्र्याच्या कडा भिंतीवरून खालीं येतील अशी झालर ठेवावी; दुर्बिणीचे कांचेचे भाग उतरवून ओल शोषणाऱ्या दाण्यांसह घट्ट डब्यांत ठेवावे; छप्पर उघडें असो वा बंद, दोन्ही वेळां त्यास खिट्ट्या घालाव्या, कारण वळिवाचा वारा पत्रा उचलून शेजारच्या गल्लींत टाकावयास मागेंपुढें पाहत नाहीं. छप्पर मिटण्यापूर्वी दुर्बीण आडवी केली आहे कीं नाहीं हें पाहण्याची शिस्त प्रत्येकास लावावी. या सगळ्या गोष्टी कष्टाच्या आहेत, अशक्य मुळींच नाहींत. आणि पावसाळ्याचे ते चार महिने नोंदींचें गणित करण्यास उपयोगी पडतात.

तथापि आमच्या मतें या छपराची खरी जागा शाळा-महाविद्यालयांच्या आवारांत आहे. तेथें जमीन आहे, पहारेकरी आहे, आणि दर वर्षीं नवीन डोळे येतात. आमच्या माहितीच्या एका विद्यालयांत अनुदानांतून चांगली दुर्बीण आली. ती कपाटांत आहे. कपाटाची किल्ली एकाजवळ, गच्चीची दुसऱ्याजवळ, आणि रात्रीं शाळा उघडी ठेवण्याचा अधिकार तिसऱ्याजवळ. तिघे एका रात्रीं भेटत नाहींत, म्हणून मुलांना शनि भेटत नाहीं. दुर्बीण विकत घेण्यास पैसे मिळतात, कारण तिचें छायाचित्र घेतां येतें. तिला उभें राहण्यास जागा देण्याचा खर्च मात्र कोणाच्या डोळ्यांत भरत नाहीं.

आणि संस्थेचा आग्रह आम्ही धरितों त्यास इतिहासाचें कारण आहे. पुण्याच्या विज्ञान महाविद्यालयांत भावनगरच्या महाराजांच्या देणगींतून महाराज तख्तसिंहजी वेधशाळा उभी राहिली, व १८८८ सालीं तिचें काम सुरू झालें. कावसजी दादाभाई नायगमवाला हे तिचे प्राण. वीस इंची आरशाची ग्रब कंपनीची दुर्बीण त्यांच्याजवळ होती. २२ जानेवारी १८९८ च्या खग्रास सूर्यग्रहणाचे वेध त्यांनीं जेऊर येथें जाऊन घेतले. १९१२ सालीं ते निवृत्त झाले, आणि वेधशाळाही त्यांच्याबरोबर निवृत्त झाली. यंत्रें कोडाईकॅनॉलला गेलीं. यंत्रें तेथें सत्कारणीं लागलीं हें खरें. पण महाराष्ट्रांत त्यांच्या जागीं पुढचा मनुष्य तयार नव्हता, हेंही तितकेंच खरें. त्यानंतर १९४४ सालीं पुण्यांत ज्योतिर्विद्या परिसंस्था निघेपर्यंत बत्तीस वर्षें गेलीं. एका माणसाच्या उत्साहावर उभी असलेली वेधशाळा त्या माणसाइतकीच जगते. तेव्हां छपराबरोबर वही पाहिजे, आणि वहीबरोबर ती पुढें चालविणारी परंपरा पाहिजे; या तिहींपैकीं एक उणें पडलें तर बाकीचीं दोन व्यर्थ.

आमच्या टापूला तर निसर्गानें व रेल्वेनें मिळून एक अपूर्व सोय करून ठेविली आहे, तिचा विचार कोणीं केल्याचें आमच्या ऐकिवांत नाहीं. कल्याणपासून लोहमार्गाचे दोन फांटे फुटतात. एक ईशान्येस कसाऱ्याकडे जातो, दुसरा आग्नेयीस कर्जतकडे. कसारा व कर्जत यांत दक्षिणोत्तर अंतर सुमारें ८० किलोमीटर पडतें. एखादा लघुग्रह ताऱ्यासमोरून जातो तेव्हां त्याची सावली पृथ्वीवरून एका पट्ट्यानें धांवते. त्या पट्ट्यांत दक्षिणोत्तर निरनिराळ्या ठिकाणीं बसलेल्या निरीक्षकांनीं तारा किती सेकंद लपला हें अचूक टिपलें, तर त्या काळांवरून लघुग्रहाचा आकार काढतां येतो. शनीपलीकडे फिरणाऱ्या खारिक्लो नामक पिंडाभोंवतीं कडीं आहेत हा शोध २०१३ सालीं याच रीतीनें लागला. कसाऱ्यापासून कर्जतपर्यंत, मध्यें शहापूर, टिटवाळा, कल्याण, बदलापूर, वांगणी अशा एकेका गांवच्या शाळेंत एकेक सरकतें छप्पर असलें, तर सगळी मिळून एक अशी वेधशाळा होईल, कीं जिची बरोबरी एकाच जागेवरची कितीही मोठी दुर्बीण या कामांत करूं शकणार नाहीं. त्यास मोठें आकाश नको, घुमट नको. अचूक घड्याळ, जाग्यावर उभी असलेली दुर्बीण आणि वेळेवर हजर असलेला मनुष्य एवढेंच पाहिजे.

म्हणून आमचें मागणें अगदीं मोजकें आहे. या तीन शहरांतील विज्ञानशाखा असलेल्या प्रत्येक महाविद्यालयानें आपल्या आवारांत दहा फूट जागा, एक खांब व एक सरकतें छप्पर यांची तरतूद करावी, आणि त्याची किल्ली एकाच जबाबदार माणसाजवळ ठेवावी. आकाशदर्शनाचे मेळे भरविणाऱ्या मंडळींनीं दहा सहलींमागें एक तरी स्थिर जागा उभी करण्याचा नियम आपणांस घालून घ्यावा. सोसायट्यांनीं मनोऱ्याचें भाडें घेतांना गच्चीचा एक कोंपरा ताऱ्यांसाठीं विनाभाडें ठेवावा. आणि पालकांनीं मुलाला दुर्बीण घेऊन देण्याआधीं वही घेऊन द्यावी. सहा महिने त्यानें काक्षीचें तेज नियमानें लिहिलें, तर मग दुर्बिणीसाठीं कर्ज काढलें तरी आम्ही त्यांस दोष देणार नाहीं.

ग्रहणाचे वेध पाळण्यास आमच्या समाजाला कधीं अनुदान लागलें नाहीं, समिति लागली नाहीं, कीं कोणाची परवानगी लागली नाहीं. घरोघरच्या निष्ठेवर तें चाललें. तितक्याच निष्ठेनें रोज रात्रीं दोन घटका वेध घेणारीं पन्नास माणसें ठाण्यापासून कर्जत-कसाऱ्यापर्यंत निघालीं, तर आणखी वीस वर्षांनीं आकाशाविषयीं बोलतांना आमच्या हातांत स्वतःची वही असेल.